बाबलीने सोडलेला कोपरा

बाबली चहा बशीत ओतायचा, निवला की परत कपात ओतायचा आणि कपातून प्यायचा. दुसऱ्याच्या घरी गेला की चपला बाहेर काढायचा आणि परत येताना अनवाणी यायचा. त्याच्या चपला कुणाच्या दारात आहेत यावरून तो काल कुठे होता ते कळे. एसटीत बसला की त्याचा उजवा पाय ब्रेक दाबत असे. विडी ओढायचा नाही, पण कानावर ठेवायचा. जेवताना माशाचे काटे ताटाच्या कडेला एका रांगेत मांडायचा, मोठ्यापासून लहानापर्यंत. कोणी सरळ प्रश्न विचारला की आधी जमिनीकडे बघायचा. आणि कुणाचंही खळं तो पुरतं करायचा नाही.

ही शेवटची सोडली तर बाकी सगळ्या सवयी गावाला चालत होत्या.

खळं म्हणजे घरापुढचं अंगण. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो, शेवाळ धरतं, गवत माजतं. दिवाळी सरली की ते उकरायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, पायांनी तुडवायचं आणि मग चोपण्याने चोपायचं. चोपणं म्हणजे हातभर लांबीची जड लाकडी फळी, तिला वाकडी मूठ. वरून शेणाने सारवलं की खळं तयार. मसुरे गावापासून कट्टा गावापर्यंत बाबलीसारखं खळं कुणी करत नसे. त्याच्या खळ्यावर ताकाचा थेंब सांडला तर तो गोल होऊन तसाच बसे, कुठे जावं ते न कळल्यासारखा.

पण एका कोपऱ्यात हात-दोन हात जागा तो तशीच ठेवायचा. न उकरलेली, न सारवलेली. त्याच्या भावाची बायको चंद्रावती त्याला दोन वेळा जेवायला घाली आणि त्या हक्काने चार वेळा बोले.

"मेल्या, ह्यो कोनो कोणी करूचो? तुझ्या बापाशीन?"

"रवांदे गो वैनी. थंय बिऱ्हाडा आसत."

बिऱ्हाडं माश्यांची होती. तांदळाच्या दाण्याएवढी काळी माशी, पोटावर फिकट पट्टे. ही माशी पोळं करत नाही. मध साठवत नाही. चावायच्या भानगडीत पडत नाही. प्रत्येक मादी आपलं बीळ आपण खणते, वीतभर खोल. मागच्या पायांना पिवळा पराग माखून आणते, आत त्याची गोळी करते, त्यावर अंडं घालते आणि दार मातीने लिंपून टाकते. एकाला लागून एक अशी शंभर बिळं असली तरी कोणी कुणाच्या घरात डोकावत नाही. बहुधा याच कारणाने गावाला त्यांचा संशय असावा.

तिला जमीन लागते ती कोरडी, उघडी, उन्हातली, घट्ट बसलेली. म्हणजे नेमकं खळंच.

कट्ट्याच्या बाजारात लोक मुद्दाम विचारत.

"बाबल्या, मध देतत काय रे त्यो?"

"नाय."

"मेण?"

"नाय."

"मगे कित्याक ठेवतंस तेंका?"

बाबली जमिनीकडे बघे. मग म्हणे, "तुका ठेवल्यान मा गावान? तसाच."

चंद्रावतीच्या परसात वालीच्या शेंगा असत, भोपळे असत, मिरच्या असत. वाडीत कुणाकडे धरत नसत तेवढ्या धरत. सगळा दिवस त्या माश्या तिथल्या फुलांवर असत. चंद्रावती याचं श्रेय मासे धुतलेल्या पाण्याला देई.

अक्षया शेजारच्या घरातली. कोल्हापूरहून मराठी घेऊन एम.ए. होऊन आली होती. गावाच्या हिशेबी एम.ए. झालेली मुलगी म्हणजे लग्न न झालेली मुलगी. ती कट्ट्याला एका क्लासात दहावीच्या पोरांना अलंकार शिकवायची आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहायला घ्यायची. आतापर्यंत चौदा सुरुवाती झाल्या होत्या. पंधरावीसाठी तिला एखादं अस्सल माणूस हवं होतं. ती खिडकीतून बाबलीकडे बघायची आणि त्याच्या सवयी वहीत उतरवायची. बाबलीला हे ठाऊक होतं. ती खिडकीत आली की तो विडी एका कानावरून दुसऱ्या कानावर न्यायचा.

एक दिवस तिने वही घरी ठेवली आणि जाऊन सरळ विचारलं, "काका, कोपरो कित्याक सोडतास?"

तो जमिनीकडे इतका वेळ बघत राहिला की तिला वाटलं, विसरला.

"येकदा सोडूक नाय," तो म्हणाला.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भावाच्या खळ्यात बारकी भोकं दिसली. मुंग्या असतील म्हणून त्याने चोपून काढली, वरून शेण फिरवलं. खळं असं झालं की बघायला माणसं आली. दुपारी माश्या परतल्या. पायांना पराग, आणि खाली दार नाही. जिथे आपलं बीळ होतं त्या जागेवर प्रत्येक माशी फिरत राहिली.

"तीन दिस फिरत होत्यो," बाबली म्हणाला. "पायाचा पिवळा तसाच. घराची वाट सापडाक नाय तेंका. चवथ्या दिसा नाय होत्यो."

"विस्थापन," अक्षया म्हणाली. तिच्या प्रबंधात हा शब्द एकवीस वेळा आला होता.

"काय?"

"काय नाय."

"वैनीन त्या दिसा घावणे केल्यान होते," बाबली म्हणाला. "खळा बरा झाला म्हणान."

त्यानंतर अक्षयाने खिडकीत वही उघडली नाही. ती नुसतीच जाऊन बसायला लागली.

गावात सरपंच समीक्षा होती. सरपंचाची सही सोडली तर बाकी सगळं तिचा नवरा किरण करायचा. घाई असली तर सहीदेखील. या किरणने देवळासमोरच्या मांडावर पेव्हर ब्लॉक बसवायचं काढलं. मांड म्हणजे देवळापुढची मोकळी जागा. शिमग्याला गाव तिथे जमतो, जत्रेला तिथेच दशावतारी नाटक होतं. ब्लॉक लाल आणि पिवळे होते. मंजुरीच्या आधीच ते आले. त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही, कारण लोक ज्या पारावर बसून प्रश्न विचारत त्याच्यावरच ब्लॉकचा ढीग उतरवला होता.

मांडाच्या पूर्वेला, दीपमाळेच्या पायथ्याशी, चार हात रुंदीचा एक पट्टा आहे. तिथे या माश्यांची दोनशेच्या वर बिळं होती. वाडीतली खळी एकेक करून टाइल्सखाली गेली, तशी बिऱ्हाडं उठून इथे आली, असं बाबली सांगायचा. खरं-खोटं माश्यांना माहीत. पण बाबलीपुरतं ते खरं होतं. हे चार हात गेले तर त्यांना पुढे जायला जागा नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबलीला काहीतरी हवं होतं. हे चार हात.

अक्षयाने अर्ज लिहिला. दोन रात्री आणि एक रविवार घालवून लिहिला. सुरुवात होती, "मृत्तिकेच्या उदरात नांदणाऱ्या या सूक्ष्म जीवांचे आर्त..." ग्रामसभेत किरणने तो मोठ्याने वाचला. वाचला, हाच त्याचा निकाल.

"उदर म्हणजे काय गो?" कोणीतरी मागून विचारलं.

"पोट."

"मातयेच्या पोटात माशी गेली? मगे मातयेक जुलाब होतले!"

सभा पाऊण तास हसत होती. अर्ध्या लोकांनी हसता हसता सह्या केल्या, ब्लॉकच्या ठरावावर. सगळ्यांत मोठ्याने बाबली हसला. परतताना अक्षया भरभर पुढे चालत होती. तो मागून अनवाणी येत होता.

"बरा होता गो," तो म्हणाला. "माका एक अक्षर कळाक नाय, पण बरा होता."

पण मांडाचं काम नुसत्या ठरावाने होत नाही. तिथली कुदळ देवाला विचारल्याशिवाय चालत नाही. पाषाणाला ओले तांदूळ चिकटवायचे आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडचा दाणा आधी पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. गाऱ्हाणं घालायचा मान विठोबाचा. विठोबा तसा बोलायला लागला की अडखळे, पण देवाशी बोलताना त्याचा आवाज नदीपलीकडे जाई.

"बा देवा रवळनाथा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत..."

"होय म्हाराजा!"

"तुझ्या मांडार लाद्यो घालूचो इचार आसा..."

"होय म्हाराजा!"

"तुझ्या मनाक येता तर उजवो दी!"

दाणा पडला. डावा.

किरण पुढे झाला. "विठोबानू, तुमी लाद्यो म्हणालास. देवाक वाटला, घरातल्यो लाद्यो. ब्लॉक आसत ते. देवाक नीट सांगा."

विठोबाने नीट सांगितलं. रंगसुद्धा सांगितले. डावा.

मग बराच वेळ खलबत झालं. तिसऱ्या वेळी विठोबाने विचारलं की, आता नको असेल तर जत्रेनंतर बसवू का. दाणा उजवा पडला.

"बघा!" किरण म्हणाला.

देव दमला असावा, असं अक्षयाला वाटलं.

लोक उठायला लागले, तेवढ्यात मागून आवाज आला. बाबली सभेत बोलत नसे, त्यामुळे कुणाचा आवाज ते आधी कळलंच नाही.

"माझोय येक प्रश्न घाला."

"तुझो कसलो प्रश्न?"

"जत्रेच्या आधी मांड मी हातान करून दितंय. शिमिटासारखो. झालो तर ब्लॉक नको."

विठोबाने किरणकडे बघितलं. किरण हसत होता.

"घाला, घाला. पण सगळो मांड हां, बाबल्या! कोनो सोडूचो नाय. तुझी खोड गावाक म्हायत आसा."

बाबलीने जमिनीकडे बघितलं. त्या दिवशी देवळातली फरशी त्याला काय सांगत होती कोण जाणे.

"सगळो," तो म्हणाला.

विठोबाने देवाला गाऱ्हाणं घातलं. दाणा इतक्या चटकन उजवा पडला की "होय म्हाराजा" म्हणायला लोकांना उशीर झाला.

बाहेर आल्यावर अक्षयाने त्याला गाठलं. "काका, तुमी सगळो म्हणून बसलास. म्हणजे तो पट्टो पण त्यात इलो. माश्यांका वाचवूक तुमी माश्यांकच चोपतालास?"

बाबली थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"तां फुडचा फुडे," तो म्हणाला आणि चपला न घालता निघाला.

मांडाचं काम त्याने पश्चिमेकडून सुरू केलं, म्हणजे पट्ट्यापासून सगळ्यांत लांबून. एकटा माणूस, एक कुदळ, एक घमेलं, एक चोपणं. पाणी विहिरीचं. सकाळी सातला धप्प धप्प सुरू होई, ती ऊन तापेपर्यंत. आठ दिवसांत पश्चिमेची बाजू झाली. गावातले पुरुष येऊन ब्लॉकच्या ढिगावर बसत आणि कामाला हातभार म्हणून सल्ला देत.

"थंय वायच खोल रवला, बाबल्या."

"हंय उंच झाला."

"पानी कमी मारतंस."

विठोबा घरून खुर्ची घेऊन येई. किरण दोन दिवसांआड मोटारसायकलवरून येई, उतरत नसे. एक पाय मांडावर टेकवून तो काम किती झालं ते बघे. त्याच्या बुटाचा ठसा बाबली मागाहून चोपून काढी.

चंद्रावती डब्यातून पेज आणी आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोले. "देवाचा करता. घराचा खळा तसाच पडला आसा. देव जेवूक घालतलो तुका?"

"तू घालतंस मा, वैनी."

"घालतंय! माझी चूक आसा ती."

पंधराव्या दिवसापासून त्याचा वेग मंदावला. लोक म्हणाले, थकला. अक्षयाला खरं कारण माहीत होतं. मांड पूर्वेला सरकत होता. क्लासावरून आली की ती दीपमाळेच्या पायरीवर बसे. बाबली काम थांबवून पट्ट्याजवळ उकिडवा बसे आणि उघडी बिळं मोजे. पायांना पराग माखलेली एखादी माशी येई, हवेत जरा घुटमळे आणि दोनशेतून आपलं नेमकं दार शोधून आत शिरे.

"आज अठ्ठेचाळीस उघडी आसत," तो सांगे. दोन दिवसांनी, "आज एकतीस."

मग त्याने तिला आपला बेत सांगितला. कुजबुजत, कारण विठोबा खुर्चीत होता.

"अवसेपर्यंत तेंची कामा सरतत. दारा लिंपतत नी जातत. अंडी खाली वीतभर. अवसेच्या दुसऱ्या दिसा मी वरून नुसता पातळ शेण फिरवतलंय. चोपणा लावचंय नाय. पावसात शेण धुवान जाता, फुडच्या वर्सा पोरा वर येतत. वरून बघणाऱ्याक काय कळता? सगळो मांड झालो."

"आणि देवाक?"

"देव काय किरण आसा?"

अक्षया खूप दिवसांनी हसली. जत्रा अवसेनंतर तिसऱ्या दिवशी होती. बेत नीट बसत होता. तिला वाटलं, कादंबरीत असं कोणी लिहिलं असतं तर तिने त्याला सोयीस्कर म्हटलं असतं.

अवसेच्या आदल्या दिवशी पट्टा सोडून सगळा मांड पुरा झाला. अक्षयाने त्यावर पाय ठेवला नाही, ठेववेना. बाबलीने चोपणं पट्ट्याच्या कडेला आडवं ठेवलं आणि म्हणाला, "अकरा उघडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेज जेवायला बसला. चंद्रावतीने भाजलेला सुका बांगडा दिला. त्याने काटे काढून रांगेत मांडायला घेतले. चंद्रावती मीठ आणायला आत गेली. परत आली तेव्हा तो खांबाला टेकलेला होता. काट्यांची रांग अर्धी झाली होती. तिने सवयीने दोन शब्द सुनावले. मग मीठ खाली ठेवलं.

अक्षया कट्ट्याला होती. फळ्यावर दृष्टान्त अलंकार होता. फोन वाजला, तिने ऐकलं, फोन पालथा ठेवला. टेबलावर चार वह्या तपासायच्या राहिल्या होत्या त्या तिने तपासून पुऱ्या केल्या. एका मुलीला दहापैकी अकरा गुण दिले. मुलीने परत आणून दाखवलं, तेव्हाही तिला त्यात काय चुकलंय ते दिसलं नाही.

संध्याकाळपर्यंत नाक्यावर बॅनर लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. बाबलीचा फोटो आधार कार्डावरचा, ओला असल्यासारखा. खाली शोकाकुल म्हणून किरणचा फोटो, हात जोडलेला, त्याच्या दुप्पट. मजकुरात लिहिलं होतं, "हाती घेतलेले प्रत्येक काम तडीस नेणारे." ते वाचून गावात एकही माणूस हसला नाही. अक्षया बॅनरसमोर उभी राहिली. बाबली असता तर सगळ्यांत मोठ्याने हसला असता.

जत्रेच्या आदल्या सकाळी किरण मांडावर आला. बरोबर विठोबा आणि दहा-बारा माणसं. बाबली गेला त्या दिवशी त्याच्या चपला विठोबाच्याच दारात सापडल्या होत्या, त्यामुळे विठोबा दोन पावलं मागून चालत होता.

किरणने टेप लावून पट्टा मोजला. "माणूस गेलो, वायट झाला. पण चार हात रवले. बोलणा पुरा झाला नाय. जत्रा झाली काय ब्लॉक घालूया."

"देवाक दिलेला बोलणा आसा," विठोबा म्हणाला. "माणूस मेलो म्हणान बोलणा मरत नाय. कोणाच्या तरी हातान पुरा होऊक होया. मगेच बाबली सुटतलो."

"मगे देवाक इचारा."

देवळात जाऊन विचारलं. किरणच्या हातून पुरं करायचं का? डावा. मग दुसऱ्याचं नाव घालायची वेळ आली, आणि अचानक सगळ्यांना कामं आठवली. एकाची पाठ धरली होती. एकाची मालवणला कोर्टात तारीख होती. एकाने बायकोला विचारून येतो म्हणून सांगितलं आणि तो थेट जत्रेलाच दिसला. कारण कोणी बोललं नाही, पण प्रत्येकाला ठाऊक होतं. आपलं नाव घातलं आणि देवाने उजवा दिला, तर मेलेल्या माणसाचं चोपणं हातात घ्यावं लागणार. आणि बाबलीला आजार असा काही नव्हताच.

परत बाहेर आले तेव्हा विठोबा पट्ट्याजवळ गेला आणि एकदम मागे सरला. त्याने चपला काढल्या.

"ह्या काल हंय नव्हता."

मातीवर एक ताजा, ओलसर ढीग होता. मुठीत मावेल एवढा. मधोमध भोक.

"बाबली," विठोबा म्हणाला. "अर्धा काम टाकून जाणारो नव्हतो तो."

वीस वर्षं एकही खळं पुरं न केलेल्या माणसाविषयी हे बोललं गेलं, आणि बारा माणसांनी माना हलवल्या.

फक्त किरण हलला नाही. तो वाकून बघत होता. "त्यो माश्यो आसतीत," तो म्हणाला. "हिच्या अर्जातल्यो."

"रातची माशी खणता?" विठोबा ओरडला.

"मगे इचारा तिका. शिकलली आसा. गो अक्षया, तूच सांग. माशी मा ही?"

सगळे तिच्याकडे वळले. अक्षया दीपमाळेच्या पायरीवर बसली होती, रोजच्या जागी. तिला त्या माशीचं सगळं ठाऊक होतं. फोनवर शोधून तिने तिचं लांबलचक शास्त्रीय नावही पाठ केलं होतं. ते बाबलीला कधी उच्चारता आलं नाही आणि माशीने कधी विचारलं नाही. एक वाक्य बोललं असतं तर पुरे होतं. त्या वाक्याने भीती गेली असती, आणि जत्रेनंतर लाल-पिवळे ब्लॉक आले असते.

तिने जमिनीकडे बघितलं.

"माका म्हायत नाय," ती म्हणाली.

चौदा सुरुवातींपेक्षा हे एक वाक्य चांगलं उतरलं. विठोबाने कुणाला तरी नारळ आणायला पिटाळलं. दुपारी पट्ट्याभोवती दोरी आली.

जत्रा झाली. गाव बाबलीच्या मांडावर बसून पहाटेपर्यंत दशावतार बघत होता, दोरीच्या आत कोणी पाय ठेवला नाही. ब्लॉक किरणच्या घरी गेले. ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने ते अंगणात एकाला एक लावून ठेवले आहेत. तात्पुरते.

आठवड्याने दोरीपाशी उदबत्ती दिसली. मग हळद-कुंकू. तोंडवलीहून एक बाई मुलाच्या नोकरीचं सांगणं घेऊन आली. चंद्रावती रोज सकाळी दोरीबाहेर पेजेचा पेला ठेवते आणि त्याला बोलते, आधीच्याच आवाजात. "जित्तो होतो तवा कोण इचारीत नव्हता," ती अक्षयाला म्हणाली. "आता बघ. माझो दीर देव झालो, नी पेज अजून माकाच करूक होयी."

आणि किरणने ठराव मांडला आहे. बाबलीच्या स्मरणार्थ त्या चार हातांवर चबुतरा बांधायचा. सिमेंटचा. शिमग्याला देवाला विचारायचं ठरलं आहे. अक्षयाने ग्रामसभेत ते ऐकलं. गप्प राहून तिने पट्टा वाचवला होता, आणि त्याच गप्प राहण्याची आता कुणीतरी पूजा बांधत होतं.

ती विठोबाकडे गेली. काम पुरं झालं तर?

"पुरा झाला तर बाबली सुटलो," विठोबा म्हणाला. "मगे चबुतरो कित्याक? पण करतलो कोण?"

"देवाक इचारूक होया?"

विठोबाने आजूबाजूला बघितलं. "कोणी इचारल्यान नाय, तर देव कित्याक सांगतलो?"

म्हणजे बाबलीचा बेत अजून जिवंत होता. पातळ शेण, एक हात फिरवायचा, चोपणं लावायचं नाही. अक्षयाने चंद्रावतीच्या गोठ्यातून शेण घेतलं, बादलीत कालवलं. आयुष्यात तिने कधी सारवलं नव्हतं. दुपारी, गाव जेवून आडवा झाला होता तेव्हा, ती दोरीखालून आत गेली. चोपणं कडेला तसंच आडवं होतं. ती उकिडवी बसली आणि मोजायला लागली. लिंपलेलं. लिंपलेलं. लिंपलेलं. अवस होऊन तीन आठवडे झाले होते, सगळी बंद असायला हवी होती.

एक उघडं होतं.

ती थांबली. बऱ्याच वेळाने माशी आली. पायांना पिवळा पराग. ती हवेत जरा घुटमळली आणि आत गेली. अक्षया ती बाहेर येण्याची वाट बघत राहिली. आली, उडाली, परत आली. दार काही लिंपेना. बाबलीला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, एखादीक उशीर होता. किंवा जमिनीकडे बघत राहिला असता.

बादलीतल्या शेणावर साय धरली. लोक उठायच्या आत ती दोरीखालून बाहेर आली.

ती रोज दुपारी जाते, ताजं शेण घेऊन. रोज एक उघडं असतं. कधी तेच, कधी दुसरं. शिमग्याला अजून अडीच महिने आहेत. मांड सगळा झाला आहे, पूर्वेचे चार हात सोडून.